सुपारीएवढं

“उद्यापासून सुरू कर गं, वैजू. तीन वेळा. एकही चुकवू नकोस.”

आत्याबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. हात थांबला नाही की मान वर झाली नाही. मी चिंचेनं समया घासत होते.

“हो,” मी म्हणाले.

“आणल्यास ना पण? मागच्या साली ऐन वेळी धावाधाव केलीस.”

“आणल्यात. बांगड्यांच्या डब्यात आहेत.”

“मग झालं. एवढं एक तू सांभाळ, बाकीचं त्या दोघी बघून घेतील.”

त्या दोघी म्हणजे महालक्ष्म्या. रविवारी यायच्या होत्या. आणि डब्यात होत्या त्या पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. आमच्या सेलूत भाद्रपद लागला की औषधाच्या दुकानात बायकांची गर्दी व्हायची. दुकानदार नाव न घेता विचारायचा, “किती दिवसांच्या, काकू?” सोवळ्याच्या गोळ्या म्हणायचे सगळे. फुलवाती, वस्त्रमाळा, खण, गोळ्या, असं ते एका दमात आठवायचं.

घरात आम्ही तीनच माणसं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हे, आणि मी. मामंजी गेल्यापासून मुखवटे उंबऱ्यातून आत आणणारी सवाष्ण मी एकटीच. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी मी बाजूला बसले. शेजारच्या बडवेकाकूंना बोलवावं लागलं. कुंकवाच्या पावलांवरून त्या आमच्या महालक्ष्म्या घेऊन आत गेल्या आणि मी न्हाणीपाशी पोत्यावर बसून घंटेचा आवाज ऐकला. आत्याबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दिवसभर जेवल्या नाहीत, एवढंच. पुढच्या वर्षापासून गोळ्या. माझी पाळी अशी की दोन-दोन महिने यायची नाही, आणि येईल तेव्हा न सांगता यायची. भरवसा ठेवायचा तरी कशावर?

मी सांगतेय त्या भाद्रपदाला आता एकवीस वर्षं झाली. मी तेव्हाही नेमानं राहणारी बाई होते, आजही आहे. तुळशीला पाणी, एकशे आठचा जप, पोथीचा एक अध्याय, मग तोंडात पाणी. त्यात कधी खंड पडला नाही. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली होती आणि कूस उजवली नव्हती. एवढं सोडलं तर देवाकडं मागायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

आषाढात आम्ही परभणीला डॉक्टर मुळावेकरबाईंकडं गेलो होतो. ठेंगण्या, गोऱ्या, सारखा चष्मा पुसणाऱ्या. पडद्यावर काळंकरडं काही हलत होतं. त्यांनी बोट ठेवलं.

“हे बघा. बीजं तुमच्यात कमी नाहीत, उलट जास्तच आहेत. दर महिन्याला पुष्कळ निघतात. त्यातलं एक पुढं जातं, मोठं होतं, फुटतं. बाकीची विरून जातात. तुमच्यात सगळी निघतात आणि पाच-सहा मिलिमीटरला येऊन बसून राहतात. पुढं कुणीच जात नाही.”

काठाकाठानं गोल काळे मणी होते. मला जपमाळच दिसली. मी मोजले. बारा.

“म्हणजे दोष कुणाचा?” ह्यांनी विचारलं.

“दोष कुणाचाच नाही. पंगत बसलीय, पानं वाढलीत, पण पहिला घास कुणी घेईना. आपण एकाला भरीस घालायचं. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, मग एक दिवसाआड सोनोग्राफी.” मग माझ्याकडं वळून, “आणि एक. मी देते तेवढीच औषधं. झाडपाला नाही, बुवाची पुडी नाही, मैत्रिणीनं सांगितलेलं नाही. काय?”

“नाही घेणार.”

“मोठ्यानं बोला हो, मी काही खात नाही तुम्हाला.”

“नाही घेणार,” मी म्हणाले.

हे शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांना आकडा लिहून ठेवल्याशिवाय चैन पडायचं नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी एकादश्या आणि संकष्ट्यांना कुंकवाचं बोट लावायची, त्याच चौकटींत हे पेन्सिलीनं मिलिमीटर लिहायचे. आषाढात सहा. श्रावणात सात, आणि मग परत सहा.

आत्याबाईंनी वाती वळता वळता मला सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पाळीचा दहावा दिवस. आम्ही पहिल्या बसनं परभणीला गेलो. बाईंनी पडद्यावर दोन फुल्या मारल्या, मधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं.

“अकरा,” त्या म्हणाल्या. “उजवीकडचं एक निघालं बरं का पुढं.”

घरी आलो तर आत्याबाई दारातच.

“काय म्हणाली डॉक्टरीण?”

“अकरा झालं, आई!” हे चपलेसकट आत आले. एरवी त्यावर केवढा तरी आरडाओरडा झाला असता.

“अकरा काय?”

“मिलिमीटर.”

“माझ्या सासूनं मला कधी मिलिमीटरनं मोजलं नाही, तरी चार झाली मला. दोनच जगली ते जाऊ दे. अकरा म्हणजे केवढं, ते माणसासारखं सांग.”

ह्यांनी शाळेतून व्हर्नियर आणलेलाच होता, बारीक वस्तू मोजायची पितळी पट्टी. स्वयंपाकघरात बसून त्यांनी डबे उघडले. तुरीचा दाणा मोजला. “हे एवढ्यावर थांबायचं आजवर.” मग भिजलेला वाटाणा. “हे आज झालंय.”

“आणि किती व्हायला पाहिजे?”

“अठरा. अठराला इंजेक्शन देतात, मग ते फुटतं.”

आत्याबाईंनी पानाच्या डब्यातली एक सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी ती पट्टीत धरली.

“साडेअठरा,” हे म्हणाले आणि हसायला लागले.

आत्याबाई हसल्या नाहीत. सुपारी धुऊन त्यांनी देव्हाऱ्यात देवीच्या टाकापुढं ठेवली आणि कितीतरी वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मग आम्हाला म्हणाल्या, “श्रावणातल्या शुक्रवारी मी टेकडीवरच्या देवीला बोललेय. अनवाणी येईन म्हणून.”

“आई, दीडशे पायऱ्या आहेत तिथं. तुझे गुडघे...”

“गुडघे माझे, देवी माझी. तुला कोणी चढायला सांगितलंय?”

त्या दुपारी मी ताकाबरोबर पहिली गोळी घेतली. माझा गुरुवारचा उपवास होता. मी विचारलं, चालेल ना? “न चालायला काय झालं,” आत्याबाई म्हणाल्या, “देवाच्याच कामाची आहे.”

शनिवारी चौदा.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून कपाळावर ठेवला. “आता परवा या. परवा हे सतरा-अठरा असेल, लगेच इंजेक्शन देऊ.”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी जमिनीकडं.

“परवा आमच्याकडं महालक्ष्म्या जेवतात,” मी म्हणाले.

“बीज सण पाळत नाही हो!”

“घरात करणारी मी एकटी आहे.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “बरं, मंगळवारी तरी सकाळी पहिल्या नंबरला या. एका दिवसानं काही पळून जात नाही ते.”

त्या वर्षीच्या महालक्ष्म्या मी कशा बसवल्या ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. ताटात मुखवटा घेऊन मी उंबऱ्यावर थांबले. आतून आत्याबाईंनी विचारलं, “कोण आलं?”

“महालक्ष्मी आली.”

“कशाच्या पावलांनी आली?”

“धनधान्याच्या, लेकराबाळांच्या पावलांनी आली.”

दरवर्षी म्हणायची मी ते, पण त्या वर्षी माझा आवाज मलाच ऐकू आला. दोघींच्या मध्ये त्यांची दोन लेकरं बसवायची असतात. त्यांची झबली मी नवी शिवली होती, पिवळ्या काठाची. मी बटणं लावत होते, तेव्हा बडवेकाकू म्हणाल्या, “वैजू, औंदा तुझ्या तोंडावर काही वेगळंच तेज आहे गं.” मी उदबत्तीचा धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं. सोळा भाज्या, पुरण, आंबील. सकाळ, दुपार, संध्याकाळ गोळी. ह्यांनी त्यासाठी शाळेतलं घड्याळ आणून गजर लावला होता. एकही चुकली नाही.

मंगळवारी पहिल्या नंबरला गेलो. बाई यंत्र फिरवत राहिल्या. उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं. नर्सला पडदा लावायला सांगितला, तो लावलेलाच होता.

“फुटलं का?” मी विचारलं.

“नाही. फुटलं असतं तर पाणी दिसलं असतं.” त्यांनी फुल्या मारल्या. “दहा.”

“चौदा होतं.”

“होतं. सुकलं ते. मागं गेलं.” मग चष्मा पुसत, “दुसरं काही घेतलं नव्हतं ना तुम्ही?”

“नाही,” मी म्हणाले.

देवाची शपथ, ते मी खोटं बोलले नव्हते.

संध्याकाळी महालक्ष्म्यांना निरोप दिला. मुखवटे जागचे हलवले, लेकरांची झबली काढून घडी घातली, पुन्हा या म्हणून अक्षता टाकल्या. आत्याबाईंना ह्यांनी एवढंच सांगितलं, की या खेपेला राहिलं. देव्हाऱ्यातली सुपारी मात्र त्यांनी उचलली नाही. दिनदर्शिकेत मंगळवारची चौकट कोरीच राहिली.

शुक्रवारी पाळी आली. आली की दुसऱ्या दिवशी नव्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला यायचं ठरलेलं होतं, म्हणून शनिवारी मी बाईंसमोर बसले. हे बाहेर बाकावर थांबले. कागदावर बोटानं दिवस मोजत बाई म्हणाल्या, “अठराव्याच दिवशी? तुमची तर दोन-दोन महिने येत नाही. आणि बीज फुटलेलंही नसताना?”

“दरवर्षी येते मला या दिवसांत,” मी म्हणाले. “महालक्ष्म्या गेल्या की तिसऱ्या दिवशी.”

“दरवर्षी?”

“हो. वर्षात तेवढीच काय ती वेळेवर येते. त्यांचीच कृपा म्हणायची.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “महालक्ष्म्यांची तारीख दरवर्षी बदलते ना हो?”

“बदलते.”

“मागच्या वर्षी केव्हा होत्या?”

“पंधरा-वीस दिवस आधी.”

“आणि पाळी?”

“तिसऱ्याच दिवशी.”

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. खरंच सांगते, त्या का पाहताहेत ते मला कळत नव्हतं.

“वैजयंतीबाई, तुम्ही कोणती गोळी थांबवली की पाळी येते?”

“त्या सोवळ्याच्या. पुढं ढकलायच्या. गुरुवारपासून मंगळवारपर्यंत...” आणि बोलता बोलताच मला कळलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू, माझ्यासारख्याच आवाजात बोलल्या.

“ती गोळी घेतली की शरीराला वाटतं, या महिन्याचं बीज होऊन गेलं. मग ते नवं कशाला वाढवेल? हात काढून घेतं.” थांबून म्हणाल्या, “मी तुम्हाला विचारलं होतं.”

“मला ते औषध वाटलंच नाही, बाई. आमच्याकडं पूजेच्या तयारीतच असतात त्या.”

“हो,” त्या म्हणाल्या. “असतात.”

दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, “हे बघा, त्या गोळीशिवायही ते थांबलं असतं कदाचित. या दुखण्यात सांगता येत नाही.”

त्या माउलीनं धीर द्यायला सांगितलं होतं. पण त्यामुळं माझ्या हातात तेवढंही नक्की राहिलं नाही. एकवीस वर्षं मी रोज देवासमोर बसते. कधी वाटतं मीच केलं, कधी वाटतं तसंही झालंच असतं. दोन्हींतलं एक काही ठरत नाही.

बसमध्ये मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी खिडकीबाहेर पाहत ऐकलं. मानवत गाव मागं पडलं. मग म्हणाले, “गजर मी लावला होता.”

“तुम्हाला काय माहीत...”

“आईला सांगायचं नाही.”

“नाही.”

“तिनंच आठवण केली होती तुला. कळलं तर ती...”

घरी येऊन मी माझ्या जागी, न्हाणीच्या बाजूच्या पडवीत बसले. बांगड्यांचा डबा जवळच होता. उरलेल्या चार गोळ्यांचं पाकीट काढून मी बंबात टाकलं. विझत आलेल्या निखाऱ्यांवर ते जरा वाकडं झालं. मला वाटलं, जळालं.

त्या शनिवारनंतरचं लवकर सांगून टाकते. आणखी दीड वर्ष आम्ही परभणीला जात राहिलो. गोळ्या वाढवल्या, इंजेक्शनं झाली, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सात, आठ, एकदा नऊ. चौदा पुन्हा कधी दिसलं नाही. मग ह्यांनी आकडे लिहायचं सोडलं, आणि एका वर्षी नवी दिनदर्शिका आणली तेव्हा पेन्सिल खिळ्याला बांधलीच नाही.

पण मला सांगायचंय ते रविवारच्या सकाळचं. माझा तिसरा दिवस. आत्याबाई बंब पेटवायला आल्या, राख काढायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभ्या राहिल्या. तळहातावर राख आणि राखेत एक चकचकीत, अर्धवट काळा पडलेला कागद.

“वैजू, हे का जाळलंस गं?”

मी गुडघे जवळ ओढून घेतले.

“दरवर्षी उरलेल्या जपून ठेवतेस. एकदा तर माझ्याशी भांडलीस, टाकू नका म्हणून.”

मी फरशीकडं पाहत होते. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नाही असं ठरलं होतं. बाहेर बडव्यांच्या गायीची घंटा वाजली.

“याच्यानं का?” त्यांनी विचारलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मला थांबवता आलं नाही. तेवढं त्यांना पुरलं.

“आत्याबाई, तुम्ही नाही, मीच... मला डॉक्टरबाईंनी आधी बजावलं होतं...”

“मीच म्हटलं ना, एकही चुकवू नकोस.” त्यांनी राख पुन्हा बंबात टाकली, हात धुतले, परत धुतले. “आणि तू कधी माझा शब्द मोडला नाहीस.”

त्यांनी आंघोळ केली. धुवट पांढरं लुगडं नेसल्या. देवघरातून एक नारळ घेतला आणि टाकापुढची ती सुपारी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. हे दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन बाहेर आले.

“आई, कुठं?”

“टेकडीवर.”

“अगं, पण ते... ते तर राहिलं ना.”

“मी तिला वाढव म्हटलं होतं. किती ते म्हटलं नव्हतं.” त्या गाठ ओढून पाहत होत्या. “सहाचं तिनं चौदा केलं. तिचं तिनं केलं. पुढचं आपण अडवलं, त्याला ती काय करणार? बोललेलं फेडायला नको?”

“मी येतो बरोबर.”

“तू तिच्यापाशी थांब.”

मी उठून पडवीच्या काठापर्यंत आले. “पायथ्यापर्यंत मी येते, आत्याबाई. नारळ तरी धरते.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या मायेनं त्यांनी माझ्याकडं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

“तू बाजूला आहेस गं,” त्या हळूच म्हणाल्या.

मी होते तिथंच थांबले.

उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या. त्यांच्यावरून पाय टाकून त्या रस्त्यावर उतरल्या. नुकतीच खडी टाकलेली होती. उजवा गुडघा हातानं दाबून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि बडव्यांच्या दारावरून, लिंबाखालून, टेकडीकडं चालू लागल्या.